धूळपाटीपासून अंगणवाडीपर्यंत : बालकाच्या लेखनारंभाचे अर्थकारण

प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाची चर्चा आपल्या देशात प्रामुख्याने पटनोंदणी, गळती, शाळांची संख्या आणि शिक्षकांची पदे यांभोवती फिरत आली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ अन्वये ६ ते १४ वर्षे वयोगटातील मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच दुरुस्तीने कलम ४५ चा आशय बदलून सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हा राज्याने प्रयत्नपूर्वक साधावयाचा विषय ठरविला. हक्क आणि प्रयत्न यांतील हा फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम ११ नेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासनाने व्यवस्था 'करावी' असे न म्हणता ती 'करता येईल' असेच म्हटले. परिणामी मूल ज्या वयात पहिली रेघ ओढते, ते वय दीर्घकाळ धोरणाच्या उंबरठ्याबाहेर राहिले.

ही पहिली रेघ हा या लेखाचा विषय आहे. मूल लिहू कसे लागते, त्यासाठी काय लागते आणि त्यातील खरोखर दुर्मीळ साधन कोणते, हा प्रश्न वरकरणी केवळ बालशिक्षणाचा वाटतो. पण साधनांचे वाटप म्हटले की अर्थशास्त्र आलेच. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी चेन्नई हे शहर विशेष उपयुक्त आहे. बोटाने वाळूत अक्षर काढण्याची रीत याच शहरातून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेली, मारिया मॉंटेसरी याच शहरात येऊन राहिल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी महानगरपालिकेच्या शाळांतील फळा मुलांच्या उंचीवर आणण्याचा प्रयोगही येथेच झाला.

हात आधी, अक्षर नंतर

लेखन ही एकाच वेळी दोन प्रकारची क्षमता आहे. पहिली हाताची. मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेच्या स्वरूपात असतात. ती एकेक करून कठीण होत जातात आणि शेवटचे हाड साधारणतः नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान आकाराला येते. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते व खांद्यातून हात फिरवते. पुढे हालचाल कोपराकडे, मग मनगटाकडे आणि अखेरीस बोटांकडे येते. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांच्या चिमटीत पेन्सिल स्थिरावण्यास बहुतेक मुलांना चौथे ते सहावे वर्ष उजाडते. आकृत्यांची नक्कल करण्याचाही एक क्रम आहे : वर्तुळ साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचे चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचच्या सुमारास आणि त्रिकोण पाचव्या वर्षानंतर. देवनागरीतील 'अ' किंवा तमिळमधील पहिला स्वर यांत गोलाई, वळण आणि उभी रेघ तिन्ही एकत्र येतात. तीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीत असे अक्षर पंचवीस वेळा काढून घेणे म्हणजे जे हाड अजून तयार नाही, त्याच्याकडून वेठबिगारी करून घेणे होय.

दुसरी क्षमता अर्थाची. कागदावरची खूण काहीतरी 'सांगते' हे कळणे, हा लेखनातील सर्वांत मोठा टप्पा असून तो अक्षरओळखीच्या आधी येतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी लिखित भाषेचा पूर्वेतिहास मुलाच्या हावभावांत, खेळात आणि चित्रांत शोधला. अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो यांनी आना तेबेरोस्की यांच्यासह १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मुले लेखनाविषयी स्वतःचे नियम बांधतात, ते तपासतात आणि मग बदलतात असे दाखविले. आपल्या लिप्यांतही हे दिसते. पाच वर्षांचे मूल 'पाणी' लिहिताना 'पन' असे लिहून मोकळे होते. त्याने काना, वेलांटी गाळली आणि 'ण' ऐवजी 'न' घेतला, हे खरे. परंतु शब्दात दोन ध्वनिगट आहेत आणि प्रत्येकासाठी एक खूण हवी, हा मोठा शोध त्याने स्वतः लावलेला असतो. ज्या पालकाला वा शिक्षिकेला हे दिसते, त्यांची तांबडी पेन्सिल थोडी थांबते.

मद्रासची वाळू

ॲन्ड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ मध्ये मद्रासला आले आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांसाठीच्या आश्रमशाळेचे अधीक्षक झाले. एका सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्यांना एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून बोटाने वाळूत अक्षरे काढताना दिसली. त्यांनी हीच रीत आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. शाळेतील सहायक शिक्षकाने ती अमलात आणण्यास नाखुषी दाखविली, तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर सर्वांत लहान वर्गाला वाळूत अक्षरे शिकविण्याचे काम सोपविले. ते यशस्वी झाले. मायदेशी परतल्यावर १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. १८११ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने बेल यांची पद्धत स्वीकारली, तर लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळेतही वाळूची मेजे आली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या बेल यांच्या गावी 'मद्रास कॉलेज' याच नावाची शाळा आजही आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत ही पद्धत 'विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविणे' या एकाच वैशिष्ट्यासाठी ओळखली जाते. वाळूचा उल्लेख ओघाने येतो. माझ्या मते वाळूही तितकीच महत्त्वाची होती, आणि त्या काळच्या एका जिल्हाधिकाऱ्याने ते ओळखले होते. मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये सर्व जिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविली. बेल्लारीचे जिल्हाधिकारी ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये पाठविलेल्या अहवालात ५३३ शाळांची नोंद आहे. त्यांत कानडी व तेलुगू शाळांची संख्या मोठी असली, तरी २३ मराठी शाळाही होत्या. पाचव्या वर्षी मूल शाळेत आले की गणेशपूजन होई आणि त्याचे बोट धरून तांदळात देवाचे नाव लिहवून घेतले जाई. त्यानंतर मूल अक्षरे शिके ती युरोपातल्याप्रमाणे वर्णमाला घोकून नव्हे, तर जमिनीवरील वाळूत बोटाने लिहून. बोट सरावले की मगच लोखंडी लेखणीने ताडपत्रावर वा बोरूने कागदावर लिहिण्याचा मान मिळे. किती कमी खर्चात येथे लेखन शिकविले जाते, याची कॅम्पबेल यांनी प्रशंसा केली आहे.

महाराष्ट्रातील धूळपाटीची रीत याच कुळातली. प्राथमिक ज्ञानाला आपण अजूनही 'धुळाक्षरे' म्हणतो. वाळूची काटकसर केवळ कागद वाचविण्यापुरती नव्हती. वाळूत चूक करण्याची किंमत शून्य असते : तळहात फिरविला की चूक गेली. वहीत चूक राहते, ती दिसते, तिच्यावर फुली पडते. नवशिक्याला शंभर प्रयत्न करावयाचे असतील, तर प्रत्येक प्रयत्नाची किंमत जितकी कमी, तितके प्रयत्न अधिक.

परंतु कॅम्पबेल यांचा अहवाल येथेच थांबत नाही, आणि म्हणूनच तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. पूर्वी शाळा असलेल्या अनेक गावांत आता शाळा उरलेली नाही, असे त्यांनी नोंदविले आणि त्याचे कारण लोकांचे दारिद्र्य हे सांगितले. विलायती कापडाने येथील विणकरांचा धंदा बसला होता, आणि मुलाचे हात थोडेसे काम करण्याजोगे झाले की आईबापांना त्यांची गरज लागे. वाळू फुकट होती, पण वेळ फुकट नव्हता.

मन्रो यांनी १८२६ मध्ये संकलित केलेल्या आकडेवारीनुसार सुमारे १ कोटी २८ लाख लोकसंख्येच्या मद्रास इलाख्यात १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी होते. या आकड्यांत मुली अगदी थोड्या होत्या आणि तथाकथित अस्पृश्य जातींतील मुले जवळजवळ नव्हती, हे विसरून त्या व्यवस्थेचा गौरव करता येणार नाही. मात्र त्याच कागदपत्रांत मद्रास शहरापुरती एक लक्षवेधी नोंद आहे. शाळेत जाणाऱ्यांच्या पाच पटींहून अधिक, म्हणजे सुमारे २७ हजार मुले घरीच शिकत असल्याचे जिल्हाधिकाऱ्यांनी कळविले होते. खुद्द मन्रो यांना हा आकडा फुगलेला वाटला. तो निम्मा धरला तरी घर हे त्या शहरातील शिक्षणाचे सर्वांत मोठे केंद्र होते, एवढे त्यातून दिसते.

अड्यार आणि कोसबाड

१९३९ च्या अखेरीस मारिया मॉंटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासमधील अड्यार येथे प्रशिक्षण वर्ग घेण्यासाठी आल्या. महायुद्धात इटली उतरल्यामुळे त्यांना मायदेशी परतता आले नाही आणि १९४६ पर्यंत त्यांचे वास्तव्य भारतातच राहिले. त्यांच्या पद्धतीत लेखन वाचनाच्या आधी येते. खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून मूल बोट फिरविते, तेव्हा आकार डोळ्यांत व स्पर्शात एकदमच ठसतो. त्याआधी बटणे लावणे, पाणी ओतणे, धान्य एका वाटीतून दुसऱ्या वाटीत काढणे अशी घरगुती कामे असतात. रोममधील त्यांच्या पहिल्या बालगृहात १९०७ नंतर मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, असे त्यांनी सांगितले आहे. हा चमत्कार नव्हता. बोटांची तयारी महिनोन्महिने चालू होती. फक्त ती 'लेखन' या नावाने चाललेली नव्हती.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हा विचार गरिबांच्या अंगणात नेला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांमध्ये काम, हा त्याचा पुढचा प्रवास. मॉंटेसरींची मूळ साधने महाग होती. त्यांच्या जागी येथे बिया, खडे, पाने, शिंपले आले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' ही संज्ञा पुढे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने हेच नाव देशभर पोहोचविले. योजनेतील सहा सेवांपैकी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे, हे परीक्षार्थींना माहीत असतेच. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा व आरोग्यशिक्षण यांच्या गर्दीत ती सेवा प्रत्यक्षात किती वेळ मिळविते, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. त्याकडे पुढे वळू.

घरातील लेखनशाळा

चेन्नईतील एखाद्या सामान्य घराचा दिवस पाहिला, तर लेखनपूर्व सरावाच्या संधी पहाटेच सुरू होतात. दारापुढची जमीन झाडून, पाणी शिंपडून तांदळाच्या पिठीने कोलम काढला जातो. प्रथम ठिपके, ओळीत व सारख्या अंतरावर; मग ठिपके जोडणाऱ्या किंवा त्यांना वळसा घालून जाणाऱ्या रेषा. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीची ही सख्खी बहीण. पिठी अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून सोडावी लागते आणि हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते. ठिपक्यांच्या ओळीतून अंतराचा अंदाज येतो, रेषेच्या वळशातून हात न उचलता दिशा बदलण्याचा सराव होतो. चार वर्षांच्या मुलाला आईने तीन गुणिले तीन ठिपके काढून दिले, तर जोडण्याचे काम ते आनंदाने करते. चुकले तर पाण्याचा हात फिरविला की झाले. ही पुन्हा वाळूचीच काटकसर. एक उणीव मात्र नोंदवावयास हवी. हे काम मुलीचे मानले जात असल्याने मुलगा या फुकटच्या सरावाला मुकतो, आणि मुलीकडून ते सराव म्हणून नव्हे तर घरकाम म्हणून करून घेतले जाते.

स्वयंपाकघरातील कामांची यादी लांबविता येईल. त्यांतील दोन-तीनच सांगतो. डाळीतले खडे वेचणे हे चिमटीचे काम. कणीक तिंबणे आणि धुतलेला छोटा रुमाल पिळणे यांनी मनगटात बळ येते. मोठ्या सुईदोऱ्यात वा नुसत्या दोऱ्यात फुले ओवताना एक हात धरतो, दुसरा चालतो. लिहितानाही एक हात कागद धरतो आणि दुसरा लिहितो, हे आपण विसरलेलो असतो. चिंचोके हे तर दक्षिणेतही आणि आपल्याकडेही फुकटचे साधन. जमिनीवर खडूने काढलेल्या मोठ्या अक्षरावर चिंचोके मांडत जाताना मुलाला अक्षर कोठे सुरू होते, कोठे वळते, हे हातातून कळते.

हाताइतकीच अर्थाचीही तयारी घरात होते, आणि तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. दुधाची पिशवी रोज येते. दिनदर्शिकेवर त्या तारखेला एक उभी रेघ मारण्याचे काम मुलाकडे द्यावे. महिनाअखेरीस त्या रेघा मोजून पैसे दिले जातात, तेव्हा आपण ओढलेली रेघ मोठ्यांच्या जगात चालते, हे मुलाला उमगते. बाजाराची यादी करताना मुलाने वांग्याचे चित्र काढावे, शेजारी मोठ्याने 'वांगी' लिहावे आणि बाजारात ती यादी मुलाने 'वाचून' दाखवावी. डब्यावर नाव घालावे. स्वतःचे नाव हा बहुतेक मुलांचा पहिला लिहिता शब्द असतो, आणि वर्णमालेतील त्याच्या अक्षरांचा क्रम कोणता, याची मुलाला पर्वा नसते. मग मूल चित्र काढते व त्याविषयी बोलते. मोठ्या माणसाने त्याच्या शब्दांत, न सुधारता, एक वाक्य चित्राखाली लिहावे आणि त्यावर बोट फिरवीत वाचून दाखवावे. बोललेले लिहिता येते व लिहिलेले पुन्हा तसेच बोलता येते, हे कळण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी तामिळनाडूत गेलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलाच्या कानावर घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत बहुधा इंग्रजी पडते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी मूळ अक्षर एकच. उच्चार स्थानानुसार ठरतो. म्हणजे मराठी मुलाच्या कानाला जो भेद ऐकू येतो, तो शेजारच्या पाटीवर दिसत नाही. अशा मुलाने प्रथम कोणती लिपी लिहावी, यापेक्षा त्याने प्रथम कोणाचे शब्द लिहावेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जे वाक्य मूल बोलू शकते, तेच ते लिहू शकेल. न कळणाऱ्या भाषेतील अक्षरे गिरविणे हे लेखन नसून नक्षीकाम आहे.

मुलाच्या उंचीवरचा फळा

२००३ मध्ये चेन्नई महानगरपालिकेच्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययनाची पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महानगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकारातून आणि आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत विकसित झालेल्या पद्धतीच्या आधारे ती आकाराला आली. पाठ्यपुस्तकाचे तुकडे करून त्यांची चित्रखुणांची कार्डे झाली, अध्ययनाची एक शिडी ठरली आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने ती चढू लागले. बाके गेली, चटया आल्या. वर्गाच्या भिंतीवर जमिनीलगत फळ्याचा पट्टा आखण्यात आला आणि त्यात प्रत्येक मुलाला आपला भाग मिळाला. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना हालचाल खांद्यातून व मनगटातून मोकळी होते, अक्षर मोठे येते आणि पुसता येते. धूळपाटी जणू भिंतीवर चढली. २००७-०८ पर्यंत ही पद्धत राज्यातील सुमारे ३७ हजार शासकीय व अनुदानित शाळांत पोहोचली.

विस्तारात जे व्हावयाचे तेच थोडेफार झाले. कार्डे पोहोचली, शिडीचा तक्ता लागला. पण एका वर्गात निरनिराळ्या पायऱ्यांवर असलेल्या मुलांना पुरेसा वेळ देणे ही शिक्षिकेपुढची अडचण तशीच राहिली. पुढे पद्धतीत बदल होत गेले. २०२२ मध्ये तामिळनाडूने 'एण्णुम् एळुत्तुम्', म्हणजे 'अंक आणि अक्षर', हा कार्यक्रम पहिली ते तिसरीसाठी सुरू केला व २०२५ पर्यंत आठ वर्षांखालील प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता मिळवून देण्याचे उद्दिष्ट ठेवले. केंद्राच्या निपुण भारत अभियानाने (५ जुलै २०२१) तिसरीअखेरची हीच पातळी गाठण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरविले. तामिळनाडूने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ऐवजी २०२५ मध्ये आपले स्वतंत्र राज्य धोरण जाहीर केले असले, तरी आठ वर्षांपर्यंतचा काळ निर्णायक आहे, याविषयी दोन्ही सरकारांत वाद नाही.

भरलेली वही का विकली जाते

मग तीन वर्षांच्या मुलांच्या हातात चार रेघी वही का येते? पालकांचे अज्ञान हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि ते मला मान्य नाही. पालक उपलब्ध माहितीनुसार समंजस निर्णय घेत असतो. माहितीच अपुरी असते. विजयादशमीला मुलाचे बोट तांदळात फिरवून विद्यारंभ करावा आणि त्याच दिवशी खासगी शाळेच्या पहिल्या शिशुवर्गात नाव घालावे, असा चेन्नईतील अनेक घरांचा प्रघात आहे. शुल्क भरल्यावर मुलाने काय शिकले, हे पालकाने कसे ओळखावे? हाताची ताकद मोजता येत नाही, 'खुणेला अर्थ असतो' ही जाण दाखविता येत नाही. दिसते ती एकच गोष्ट : भरलेली वही. जेथे गुणवत्ता ग्राहकास दिसत नाही, तेथे विक्रेता दिसणारी खूण निर्माण करतो. असममित माहितीच्या सिद्धान्तात विद्यार्थी जे शिकतात, त्याचे हे घरचे उदाहरण. वही हे शिक्षण नसून शिक्षणाची पावती आहे, आणि पावती छापणे शिक्षण देण्यापेक्षा स्वस्त पडते.

याचा परिणाम अंगणवाडीवर होतो. तेथे मूल खेळते, गाते, चिंचोके मांडते. वही मात्र रिकामी असते. ज्या कुटुंबाला थोडेफार शुल्क परवडते ते मूल काढून घेते. हा ओघ ओळखून तामिळनाडू सरकारने जानेवारी २०१९ मध्ये शासकीय शाळांच्या आवारातील २,३८१ अंगणवाड्यांत शिशुवर्ग सुरू केले. केवळ नाव बदलून ओघ थांबेल काय, याविषयी मला शंका आहे. पालकाला दाखविण्याजोगे काहीतरी हवेच. मुलाने काढलेले चित्र आणि त्याखाली त्याच्याच शब्दांतील, सेविकेने लिहिलेले वाक्य, असे तारखेसह जपलेले दहा कागद वर्षअखेरीस पालकाच्या हाती दिले, तर तीही पावतीच होईल, पण खरी. २०२४ च्या 'आधारशिला' या तीन ते सहा वर्षांसाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने खेळाधारित शिक्षणाची दिशा दिली आहेच.

प्रौढाची तीन मिनिटे

या कागदांसाठी काय लागेल, याचा हिशेब सोपा आहे. एका मुलाचे बोलणे ऐकून एक वाक्य लिहावयास व वाचून दाखवावयास तीन मिनिटे धरा. वीस मुलांना एक तास. खडू, पिठी, चिंचोके, पाठकोरे कागद यांचा खर्च नगण्य आहे. दुर्मीळ आहे तो हा एक तास. अंगणवाडीत सेविका एक, मदतनीस एक. वजन-उंचीच्या नोंदी, शिधावाटप, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवसाची तयारी आणि आता भ्रमणध्वनीवरील माहिती भरणे, हे सर्व त्याच दिवसात.

तामिळनाडूतील ६४० अंगणवाड्यांत याच प्रश्नाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. त्यांपैकी यादृच्छिक निवडीने ठरलेल्या ३२० केंद्रांत केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा नेमण्यात आली. अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन व ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांचे हे संशोधन २०२४ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षणाचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानंतर मुलांची भाषा व गणित यांतील प्रगती लक्षणीयरीत्या अधिक आढळली. शिवाय, मूळ सेविकेला आरोग्य व पोषणाच्या कामासाठी उसंत मिळाल्याने खुजेपणा व तीव्र कुपोषणही घटले. भावी उत्पन्नातील वाढ विचारात घेता लाभ खर्चाच्या १३ ते २१ पट असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये १२३ मुलांवर सुरू झालेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रयोगावर जेम्स हेकमन यांनी वार्षिक ७ ते १० टक्के परतावा काढला होता. तो आकडा सर्वत्र उद्धृत होतो. आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र तामिळनाडूचा अभ्यास अधिक बारकाईने वाचावा, कारण तो आपल्याच व्यवस्थेत, आपल्याच मानधनाच्या पातळीवर झाला आहे. नेमलेल्या कार्यकर्त्या स्थानिक होत्या, त्यांना दिलेले प्रशिक्षण अल्प मुदतीचे होते.

महामारीनंतरचा अनुभव याच दिशेने जातो. २०२१ मध्ये तामिळनाडूने 'इल्लम तेडी कल्वी' म्हणजे 'घराच्या शोधात शिक्षण' ही योजना आखली आणि सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतांश महिला, आपापल्या वस्तीत मुलांना सायंकाळी शिकवू लागल्या. शाळा उघडल्यानंतर भरून निघालेल्या अध्ययन-तुटीचा जवळपास चौथा हिस्सा या वर्गांमुळे भरून आला, असे पुढील पाहणीत आढळले.

तामिळनाडूत सुमारे ५४ हजार आणि देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीत अर्धवेळ कार्यकर्ती नेमण्याचा खर्च अर्थातच मोठा आहे, आणि त्यात अर्थसंकल्पाच्या रचनेची एक अडचण आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात अंगणवाडीची इमारत बांधणे हा भांडवली खर्च ठरतो. तिच्या भिंतीवर मुलांच्या उंचीचा फळा आखणे हेही त्या इमारतीत सामावून जाते. त्या फळ्यासमोर मुलाशेजारी बसणाऱ्या बाईचे मानधन मात्र महसुली खर्चात मोडते, आणि महसुली तूट आवरण्याची वेळ आली की पदनिर्मितीवरील निर्बंध प्रथम याच शीर्षाखाली लागू होतात.